काट्यावरचा हार

घाटमाथ्यावर एक लहानसं संस्थान होतं. तिथे घरोघरी विजेचे दिवे होते. ती वीज गॅसवर तयार होई, आणि गॅस दूरच्या मुलखातून नळाने येई. घरातली शेगडीही त्याच गॅसवर पेटे. त्यामुळे लोकांनी चुली केव्हाच मोडून टाकल्या होत्या.

वीजघरात एक तबकडी होती. गॅस किती उरला, ते तिच्यावरचा काटा दाखवी. धर्मा नावाचा माणूस त्या काट्यावर नजर ठेवी.

एका वर्षी दूरच्या मुलखात लढाई पेटली आणि नळातून येणारा गॅस आटला. काटा रोज उतरू लागला. दसरा तोंडावर आला होता. धर्मा दिवाणसाहेबांकडे गेला.

"साहेब, काटा पार तळाकडं आलाय. वाड्याच्या कमानींची रोषणाई बंद ठेवा. तेवढ्या गॅसवर दवाखाना महिनाभर चालंल. सुंद्राची सातव्या महिन्यातच जन्मलेली पोर तिथं दिव्याच्या उबेच्या पेटीत हाय."

"आणि लोक घाबरले तर?" दिवाण म्हणाले. "सणाच्या तोंडावर असलं अभद्र बोलू नकोस."

लोक घाबरतील याची त्यांना फिकीर नव्हती. महाराज रागावतील याची होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या गावाच्या रिवाजाप्रमाणे धर्माने यंत्रं धुतली, कुंकू लावलं, तबकडीला झेंडूचा हार बांधला. हाराचा दोरा काट्यात अडकला आणि काटा वर ओढला जाऊन थेट 'भरलेला' या खुणेवर जाऊन बसला. धर्मा दोरा सोडवायला पुढे झाला, तोच दिवाण प्रसादाला आले.

"वा! काटा भरला की!"

"साहेब, त्यो हाराचा दोरा…"

दिवाणांनी दोरा पाहिला. नीट पाहिला. मग म्हणाले, "पूजेचा हार कोमेजेपर्यंत काढायचा नसतो, एवढंही ठाऊक नाही? कोणी हात लावायचा नाही."

त्याच दुपारी दवंडी पिटली गेली: देवीच्या कृपेने गॅस भरपूर आहे, रोषणाई करा! लोकांनी दारोदारी दिवे लावले. लोकांचा काय दोष? त्यांना काटा दिसत नव्हता. ज्यांना दिसत होता ते गप्प होते.

दवाखान्यातली सुईण गोदाक्का मात्र स्वतः वीजघराच्या दारात आली. "धर्मा, खरं सांग. पेटी बंद पडायची असंल, तर मी आत्ताच कोळसा मागवते."

धर्माने मान खाली घातली. नोकरी जाण्याची त्याला भीती होती. "देवीची कृपा हाय, अक्का," तो म्हणाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. शेगड्याही विझल्या. धुकं उतरलं होतं आणि गारठा पडला होता. साऱ्या गावात एक चूल नव्हती, लाकडाची एक ढलपी नव्हती. सुंद्राने पोर उराशी धरली. तिची ऊब पुरली नाही. घाटाखालून कोळसा आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. पोर गेली होती.

महाराज वीजघरात आले. काटा तसाच, भरलेला. "गॅस अचानक कसा संपला?" त्यांनी विचारलं. दिवाण म्हणाले, "दैवाचा घाला, महाराज."

इतक्यात गर्दीतून गोदाक्का पुढे आली. तिच्या हातात रिकामं दुपटं होतं. काट्यात अडकलेला दोरा तिला दिसला, तसा तिने तबकडीवरचा हार ओढून तोडला. काटा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तळाला पडला.

"काटा आज न्हाई पडला, महाराज," ती म्हणाली. "त्यो कवाच पडला व्हता. ह्यांनी दोन दिवस बांधून ठेवला. ते दोन दिवस सुंद्राच्या पोरीचे व्हते."

महाराजांनी दिवाणाला तिथल्या तिथे काढून टाकलं. धर्माला कोणी शिक्षा केली नाही. तो आपणहून रोज सकाळी चौकात उभा राहून काटा कुठे आहे ते ओरडून सांगू लागला. त्या गावात आता यंत्राचा हार भिंतीवर घालतात.

पण हे सगळं नंतर. सुंद्राला त्याचा काय उपयोग?

तात्पर्य: संकट लपवून ते टळत नाही, तयारीला मिळालेला वेळ मात्र चोरला जातो. लपवणारा चोर आहे, आणि ठाऊक असून गप्प राहणारा त्याचा भागीदार.