हौसाक्काची तहानलेली मडकी

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. विचारलंत तर मी काहीतरी ठोकून देईन आणि तुम्ही ते खरं धरून बसाल. वारणेच्या काठी, नदी जिथे कोपरासारखी वळते, तिथे पिंपळवळण नावाचं गाव होतं. घरं सगळी पांढऱ्या मातीची. भिंती एवढ्या रुंद, की कोनाड्यात मांजर पिल्लांसकट झोपायची आणि तरी दिव्याला जागा उरायची.

त्या गावात हौसाक्का नावाची कुंभारीण राहायची. तिचा आवाज असा दणदणीत, की तिने आपल्या अंगणातून हाक मारली की नदीपलीकडची म्हसरं माना वर करायची, असं म्हणतात. तिला एक खोड होती. दिसेल ती वस्तू बोटाच्या पेराने वाजवून बघायची. मडकं वाजवायची, रांजण वाजवायची, कुणाच्या घरी गेली तर दार वाजवायच्या आधी भिंत वाजवायची. एकदा तर गावात आलेल्या नव्या जावयाच्या पाठीवर टकटक करून म्हणाली, "पक्का भाजलाय गं, चालंल!" जावई बिचारा लाजून चूर झाला.

तर एका श्रावणात काय झालं, नदी गावात शिरली. माणसं गुरंढोरं घेऊन टेकडीवरच्या देवळात जाऊन बसली. पाणी उतरल्यावर खाली आली, तर कुणाच्या जात्यात मासा, कुणाच्या पाळण्यात बेडूक! गाळ काढता काढता सगळ्यांचे हात भरून आले. घरं उभी होती, एवढं मात्र देवाने राखलं. पण भिंती कमरेएवढ्या ओल्याचिंब. वर आभाळ भरलेलं, ऊन म्हणून औषधाला नाही. घरात पाऊल टाकलं की कुबट वास यायचा आणि अंथरूण पांघरूण ओलसर लागायचं.

आता यात सगळ्यात जास्त घोर कुणाला होता, तर म्हादबा शेलाराच्या बायकोला, तानूबाईला. तिची लेक येसू पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही तर जगाची रीत. पण तानूबाईचं स्वतःचं पहिलं मूल अशाच एका पुराच्या साली ओल्या खोलीत जन्मलं होतं, आणि छातीत कफ होऊन गेलं होतं. त्या मुलाचं नावही ठेवायचं राहिलं. तानूबाई ते कधी बोलायची नाही, पण विसरलीही नव्हती. कुठली आई विसरेल?

म्हादबाचं मात्र वेगळंच. राग नाकावर आणि घाई पाचवीला पुजलेली. त्याने काय करावं? बाभळीचे ओंडके आणले, माजघराच्या मधोमध रचले आणि दिला पेटवून जाळ! म्हणाला, "सांजच्यापतोर खडखडीत वाळतंय का न्हाई बघा!" धूर कौलांतून बाहेर आलेला बघून हौसाक्का धावत आली.

"अरं म्हादबा, कच्च्या मडक्याला भसाभसा जाळ लावत्यात व्हय? तडकंल की रं!"

"तू तुझी मडकी बघ, अक्का. माझं घर मी बघतो."

"बघ बाबा, बघ," म्हणून अक्का फणकाऱ्याने परत गेली.

दुपार कलली आणि भिंतीतून कडाड्कन आवाज आला. वरची माती वाळून आखडली, आतली ओलीच राहिली. मग दुसरं काय होणार? दाराच्या चौकटीपासून जमिनीपर्यंत ही एवढी भेग पडली आणि देव्हाऱ्याजवळचा एक भला मोठा ढेपसा धप्पकन खाली आला. म्हादबा डोक्याला हात लावून ओट्यावर बसला.  तानूबाई पदर खोचून तडक कुंभारवाड्यात गेली.

"अक्का, माझी येसू यायची हाय."

एवढंच म्हणाली. अक्काने हातातली माती पाण्यात टाकली आणि निघाली. अशा वेळी 'मी सांगितलं नव्हतं का' असं म्हणायचा मोह मोठमोठ्यांना आवरत नाही. अक्कालाही आवरला नाही. वाटेत म्हादबा दिसताच तिने त्याला ते दोनदा ऐकवलं आणि मग कामाला लागली.

आधी जाळ विझवला. पुढचं-मागचं दार उघडं टाकलं. आढ्याजवळची थोडी कौलं काढून वाऱ्याला वाट करून दिली. भिंतीवरचं शेणाचं लिंपण खरवडून काढलं. भेगेत कोरडी माती आणि भुसा ठासला. मग भिंतीला गाल लावून डोळे मिटून उभी राहिली. बोटाच्या पेराने वाजवलं. भिंत बद्द वाजली.

"हिच्या पोटात लई पाणी हाय," अक्का म्हणाली. "आता कुनीतरी तहानलेलं पायजे."

आणि तिने आपल्या घरातली सगळी मडकी आणायला सांगितली. पावसाआधी भाजून माळ्यावर ठेवलेला माल होता तिचा, नवरात्रातल्या घटांसाठीचा. कोरडा ठणठणीत, पाण्याचा थेंब न पाहिलेला. घागरी, डेरे, सुगडं, सगळी भिंतीला तोंड लावून रचली. गाव बघायला लोटलं. कुणी हसलं, कुणी म्हणालं पुराच्या पाण्यानं अक्काचं डोकं भिजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने एक घागर उचलून तिरपी केली, तर तिच्यातून भळाभळा पाणी आलं, असं म्हणतात. हसू नका. मी काही तिथे नव्हते, आणि तुम्हीही नव्हता. एवढं खरं, की त्या दिवसापासून गावातल्या बाया हसायच्या थांबल्या आणि मडकी वाहायला लागल्या. भरलेली मडकी भट्टीजवळ नेऊन सुकवायची आणि परत आणून भिंतीला लावायची. माजघर सुकलं, ओटी सुकली. राहिली फक्त आतली बाळंतिणीची खोली. तिथली भिंत नदीच्या अंगाची होती, ती सगळ्यात जास्त पाणी प्याली होती.

आणि नेमकी ठरल्यापेक्षा आधीच येसूची गाडी दारात आली! नदी पुन्हा चढेल या भीतीने सासरच्यांनी लवकर पाठवली होती. रस्ता कसला, नुसते खड्डे. गाडीच्या हिसक्यांनी पोरीला वाटेतच कळा सुरू झालेल्या. येसू गाडीत आडवी, ओठ दाबून, "आई गं, आई गं" करतेय.

अक्का धावत आत गेली, भिंत वाजवली. बद्द! आणि मडकी बघावीत तर सगळी ओली, जड, टम्म भरलेली. त्यांची तहानच मेली होती.

"घ्या, घ्या, आत घ्या तिला!" म्हादबा ओरडला.

तेव्हा तानूबाई दोन्ही हात पसरून दारात आडवी उभी राहिली. नवऱ्यापुढे आजवर जिने मान वर केली नव्हती, ती म्हणाली, "न्हाई घेनार. ओल्या खोलीत एक गेलं माझं. दुसरं न्हाई जाऊ देनार."

पोरीला उचलायला पुढे केलेला म्हादबाचा हात जिथल्या तिथे राहिला. 

मग अक्का म्हणाली, "कोरडी मडकी हायेत गावात. पर ती तुम्ही देनार न्हाईसा."

सगळ्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. पिंपळवळणात लग्नात नवरीला रंगवलेली लहान बोळकी मिळायची. ती देवाच्या कोपऱ्यात ठेवायची, त्यांत पाणी घालायचं नाही आणि ती घराबाहेर काढायची नाहीत. काढली तर संसाराचं सुख जातं, असा समज. पुरातसुद्धा बायांनी धान्य सोडलं होतं, पण बोळकी डोक्यावर धरून टेकडी चढल्या होत्या. ती अशी दुसऱ्याच्या भिंतीला लावायची? कुणाच्या पायांनी हलायचं नाव घेईना.

गावात पारूकाकू म्हणून एक म्हातारी होती. कवडीचुंबक अशी, की विस्तव मागायला गेलं तर राख द्यायची. ती उठली आणि घराकडे चालू लागली. सगळ्यांना वाटलं, चालली कटकट नको म्हणून. थोड्या वेळाने बघतात तर काय, म्हातारी पदराआड बोळकी घेऊन परत येतेय!

"काकू, तुम्ही?" कुणीतरी म्हणालं.

"का? मला काय काळीज न्हाई?" पारूकाकू खेकसली. "म्हातारा गेला, संसार झाला. आता सुखाचं काय त्यात लोनचं घालून ठिवू? धर गं हौसे!"

झालं! मग कोण थांबतंय? सासवा धावल्या, सुना धावल्या, यंदाच लग्न होऊन आलेली पोरसुद्धा धावली. पिवळी, तांबडी, चुन्याच्या नक्षीची बोळकी आली, आणि अक्काने ती जमिनीपासून कमरेपर्यंत भिंतीला लावली. असं म्हणतात, की तेव्हा बाहेर उभ्या असलेल्यांनाही भिंतीतून गटागटा आवाज ऐकू आला. बोळक्यांचे रंग ओले होऊन गडद दिसायला लागले, आणि भिंतीचा रंग हळूहळू फिका होत वर चढत गेला. अक्काने गाल लावला. पेराने वाजवलं.

ठण्ण!

"आना माझ्या लेकीला आत!" अक्का ओरडली, आणि नदीपलीकडच्या म्हसरांनी माना वर केल्या.

दिवस मावळायच्या आत येसूला मुलगी झाली. अशी रडली, अशी रडली, की ओसरीवरचे रांजण घुमले. म्हादबा जन्मात पहिल्यांदा घाई विसरून ओट्यावर बसून राहिला होता, आणि त्याच्या डोळ्यांतून धार लागली होती. तानूबाईने नात मांडीवर घेतली, तिच्या छातीला कान लावला. छाती स्वच्छ होती.

मग बाया ती बोळकी घेऊन नदीवर गेल्या आणि काठावर पालथी केली. "नदीबाई, तुझं तुला!" म्हणत सगळं पाणी परत दिलं. आणि मग जो गोंधळ उडाला म्हणता! रंग ओघळलेले, नक्षी पुसलेली, कुणाचं बोळकं कुठलं काही कळेना. पारूकाकू तर प्रत्येक बोळकं उलटंपालटं करून बघतेय आणि शिव्या घालतेय. अक्का पोट धरून हसली आणि म्हणाली, "वाजवून बघा की! समदी सारखीच वाजत्यात." मग जिच्या हाताला जे लागलं ते तिने घरी नेलं. आणि कुणाच्याही संसाराचं सुख गेलं नाही. उलट पारूकाकू त्या दिवसापासून मागेल त्याला विस्तव द्यायला लागली, असं म्हणतात. हे मात्र मला जरा जडच जातं पटायला.

हौसाक्का पुढे खूप जगली. ओल्या घराची हाक आली की दूरदूरच्या गावांना जायची. तिने गाल लावलेली भिंत पुन्हा पडली नाही, असं म्हणतात.

आता पिंपळवळणात मातीची घरं फारशी उरलेली नाहीत. सिमेंटच्या भिंती आहेत, वर पत्रे नाहीतर स्लॅब. बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. पण लेक पहिलं बाळ घेऊन माहेरी यायची असली, की गल्लीतल्या सगळ्या बाया आपापलं एक बोळकं आणून तिच्या खोलीच्या भिंतीला तोंड लावून ठेवतात. आपलं कुठलं, परकं कुठलं, कुणी बघत नाही. बाळ दाराशी आलं की बाळाची आजी पुढे होते, एक बोळकं उचलते आणि सगळ्यांसमोर पालथं करते. आतून थेंबही पडत नाही. तरी ती आत हात घालून, तळाशी बोटं फिरवून नीट बघते, आणि मग छाती भरून ओरडते, "कोरडं हाय गं!"

तेवढं ऐकल्यावरच बाळ उंबरठा ओलांडतं.