घुबडगडाचा फिरता पत्ता

"उद्यापासून माझ्या गाण्यांचा पत्ता रोज बदलायचा!" गुलाबसेन महाराज शिऱ्याचा घास हातात धरून गरजले. "नाहीतर शेजारचा राजा ती चोरून नेईल!"

खरं सांगायचं तर महाराजांनी स्वतः गायलेली ती गाणी फुकट दिली असती, तरी शेजारच्या राजानं ती सीमेवरूनच परत पाठवली असती. पण हे महाराजांना सांगणार कोण? ज्याला त्याला आपली मान प्यारी!

गाणी होती लांब घुबडगडावरच्या एका संगणकात. राजवाड्यातल्या पडद्यावर मात्र त्यांचं कपाट असं दिसे, जणू शेजारच्याच खोलीत आहे. बोट लावलं की उघडलं! ही करामत म्हाळूची. राजवाड्यातली सगळी यंत्रं हा धनगराघरचा गडी सांभाळायचा. कपाटामागे त्यानं गडावरच्या यंत्राचा पत्ता बसवून ठेवला होता. पत्ता म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांवर राजवाड्यानं हाक मारायची आणि गडानं ओ द्यायची, एवढंच.

"गडावरचं यंत्र रोज पहाटे आपलं आपण नवे आकडे घेईल," महाराज म्हणाले. "ते कुणाही माणसाला कळता कामा नयेत. तुला नाही, मलासुद्धा नाही! पण शिऱ्याबरोबर मला माझी गाणी लागतात, म्हणून शिरा पुढ्यात आला की कपाट उघडलंच पाहिजे."

"महाराज, पत्ताच ठाऊक नसला तर हाक कुठं मारायची?"

"ते तू बघ! सोमवारी कपाट उघडलं नाही, तर तू राज्याबाहेर!"

म्हाळूनं जंग जंग पछाडलं. जुन्या पत्त्यावर हाका मारमारून यंत्र दमलं, पडद्यावर चकती गरगर फिरत राहिली आणि तिच्याकडे बघून बघून म्हाळूलाही गरगरायला लागलं. रविवारी घरी येऊन तो ओसरीवर जो बसला, तो उठेचना.

तेवढ्यात दारात त्याची थोरली बहीण धुरपा येऊन उभी राहिली. बारा महिने मेंढरांमागं फिरणारी बाई. बिऱ्हाड घोड्यावर, आज ह्या माळावर तर उद्या त्या ओढ्याकाठी.

"आक्का, मला देशोधडीला लावतायत गं!" म्हाळूनं रडत रडत सारं सांगितलं.

धुरपानं ऐकलं आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागली.

"इथं माझा जीव चाललाय, आन् तू हसतीस?"

"हसू नको तर काय करू? येड्या, भाऊबीजेला मला हुडकत तू कधी माळ तुडवलास का?"

"कुठं हुडकणार? तुझा ठावठिकाणा लागतो का कधी!"

"मग माझी ओवाळणी कधी हुकली का?"

"हुकंल कशी? तूच येतीस की दारात..." बोलता बोलता म्हाळू ताडकन उठला आणि चपला न घालताच तिच्या घोड्यावर बसून घुबडगडाकडे सुटला.

सोमवारी दरबारात शिरा आला. महाराजांनी पडद्याला बोट लावलं. कपाट उघडलं! पहिलंच गाणं भसकन बाहेर पडलं. प्रधानजींचे हात कानांवर गेले आणि महाराजांनी बघताच त्यांनी घाईघाईनं कानाच्या पाळ्या धरून भक्तिभाव दाखवला.

"पत्ता कुणी फोडला?" महाराज ओरडले.

"कुणीच न्हाई!" म्हाळूच्या मागून धुरपा पुढं झाली. "कुणी इचारलाच न्हाई, तर फुटंल कसा? पत्ता फिरतोय त्यो गडाचा, म्हाराज. राजवाड्याचा हाय तिथंच हाय. म्हणून म्हाळूनं रातोरात गडावर जाऊन तिथल्या यंत्रालाच सांगितलं, पत्ता बदलला की तूच राजवाड्याला हाक मार. माहेरवाशीण कुठल्या वाटंनं आली ते इचारत बसत्यात व्हय? आली की घरात घ्यायची!"

महाराजांनी मिशीला पीळ दिला. "अस्सं! आणि शेजारच्या राजानंच गडाचं सोंग घेऊन हाक मारली तर?"

म्हाळू हळूच प्रधानजींमागं सरकला. धुरपा मात्र जागची हलली नाही.

"आधी खूण पटवाया लागती. गडानं तुमच्या गाण्यातली एक तान ऐकवायची. जुळली तरच दार उघडतं."

"हात्तिच्या! तान काय, कुणीही शिकेल!"

"शिकतोय कुठला! तुमचा सूर जिथं घसरतो, तिथं तस्साच घसरायला दुसऱ्याला जलम घालवावा लागंल!"

प्रधानजींनी डोळेच मिटले. महाराजांचं तोंड लाल झालं, गाल फुगले, मिशी थरथरली... आणि असं हसू फुटलं म्हणता, की शिऱ्याचं ताट मांडीवरून घरंगळून पार सिंहासनाखाली गेलं!

"म्हाळू कुठंही जायचा नाही!" डोळे पुसत महाराज म्हणाले. "आणि बाई, तुझ्या मेंढरांना सरकारी कुरण मोकळं! हे घे सोन्याचं कडं! शिवाय माझी सगळी गाणी तुला बक्षीस! बोल, कुठल्या पत्त्यावर पाठवू?"

धुरपानं कडं तिथल्या तिथं हातात चढवलं.

"गाण्यांसाठी माझा पत्ता कशाला, म्हाराज? ऐकावीशी वाटली, की मीच हाक मारीन!"

महाराज पुन्हा खदाखदा हसले. त्या हाकेची वाट ते अजून बघतायत!