दगडांच्या ढिगातल्या भोरड्या

पूर्वी गांधार देशात राजा अजपाल राज्य करीत असताना शोणा नावाच्या बाईचे कोणी खरे मानले नाही, म्हणून ती मजुरांच्या सगळ्या तळावर तणतणत फिरत होती. त्या काळी बोधिसत्त्व पाथरवटाच्या कुळात जन्मला होता. राजाच्या तटाचे काम त्याच्याकडे होते. आषाढी पौर्णिमेच्या आत तट उभा राहिला, तर राजा त्याला एक गाव इनाम देणार होता. शोणा त्याच कामावर दगड वाहत असे.

तटासाठी फोडलेल्या दगडांचा मोठा ढीग माळावर पडला होता. वैशाख सरता सरता त्यावर भोरड्या उतरल्या. अंग गुलाबी, पंख काळे, काळ्या डोक्यावर तुरा. दोन-चार नव्हे, हजारो. भोरडी झाडावर घरटे बांधत नाही. दगडांच्या फटीत गवत-काटक्या घालते आणि फिकट निळी अंडी देते. सगळ्या एकदमच देतात, म्हणून पिल्लेही एकदमच निघतात.

पिल्ले निघाली त्याच सुमारास कोठीतले सातू कमी होऊ लागले. माणसांच्या भाकऱ्या लहान झाल्या.

कोठारी म्हणाला, "पाखरेच खातात. छपराखालच्या झरोक्यांतून शिरतात. ढीग उपसा, दगड तटाला लावा. चोरही जातील, कामही उरकेल."

सगळ्यांना ते पटले. शोणाला पटले नाही.

"ही पाखरे मला शिकवू नका," ती म्हणाली. "इथे येण्याआधी गोदावरीकाठी माझा अर्धा जन्म गेला यांना गोफण मारण्यात. हिवाळ्यात तिकडे येतात आणि जोंधळ्याची कणसेच्या कणसे सोलतात. चोर आहेतच मेल्या. पण आत्ता नाहीत. दगड वाहताना रोज पाहते, पोटाशी पिल्ले असली की दाण्याला शिवत नाहीत, किडे आणतात."

"म्हणजे दक्षिणेत चोर आणि इथे साधू!" कोठारी हसला. "बाईला दगड जड झाले आहेत, दुसरे काही नाही."

"माझी पाटी तू एकदा डोक्यावर घे," शोणा म्हणाली, "मग तोंड उघड."

बोधिसत्त्वाला गाव हवे होते. घरी माणसे पुष्कळ होती. तरी तो ढिगाशी पालथा पडला आणि त्याने फटीत हात घातला. बोटांना ऊन, उघडी, लटलटणारी अंगे लागली. ढीग उपसला असता तर सगळी चिरडली असती.

"पाहिल्यावाचून एक दगड हलणार नाही," तो म्हणाला.

त्याने ढिगाखाली धोतर पसरले आणि शोणासह सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच बसला. भोरड्या थव्याने माळावर जात, चोची भरून येत. धोतरावर जे सांडले, ते टोळांची बिनपंखी पिल्ले आणि त्यांचे पाय. सातूचे एक टरफल नव्हते.

शोणाने ते धोतर कोठाऱ्यापुढे झटकले. "सातूला तंगड्या कधीपासून फुटल्या, दादा?"

"संध्याकाळी येत असतील," कोठारी म्हणाला.

बोधिसत्त्व वाद घालीत बसला नाही. त्याने सगळ्यांदेखत चार दिवसांपुरते सातू बाहेर काढले, कोठीचे झरोके दगडमातीने लिंपून टाकले आणि दाराला कुलूप लावले. चार दिवसांनी दार उघडले, तर आणखी एक पोते निम्मे झाले होते. दार एक, किल्ली एक, आणि ती कोठाऱ्याच्या कमरेला. मग कोणी पाखरांकडे पाहिले नाही. पोती त्याच्या सासुरवाडीला सापडली.

ढीग तसाच राहिला. तीन आठवड्यांनी मातकट रंगाची पिल्ले दगडांवर येऊन ओरडू लागली, आणि एका सकाळी सगळा थवा उठून गेला. माळावरचे टोळ बरेच संपले होते, म्हणून खालची शेते वाचली. तट मात्र महिनाभर उशिरा झाला. राजाने गाव दिले नाही.

"गाव गेले," बोधिसत्त्व म्हणाला.

"गेले तर जाऊ दे, नाईक. पिल्ले उडाली ना?" शोणा म्हणाली. "आता आमच्या जोंधळ्यावर उतरतील. तिथे मी असते तर गोफणच मारली असती, ते वेगळे."

विहारात भिक्षू-भिक्षुणींना ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "तेव्हाची शोणा ती आजची भिक्षुणी रोहिता. तो पाथरवट मीच होतो. लोक बोट दाखवतील तिकडे न धावता स्वतः वाकून पाहणे, हीच प्रज्ञा."

"आणि कोठारी?" रोहिताने तिथल्या तिथे विचारले.

शास्त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिले. तिथे विहाराचा भांडारी मान खाली घालून बसला होता. त्यांनी त्याचे नाव घेतले : कुंडक.