दाजीबांच्या जागेची खरेदी

एका गावात सुभाना नावाचा एक भोळा गडी होता. इतका भोळा, की "जरा दाराकडे बघ" म्हटलं, तर दिवे लागेपर्यंत दाराकडेच बघत बसे.

त्याच गावात देवस्थानाचं अन्नछत्र होतं आणि त्याची खरेदी दाजीबा करत. तांदूळ असो, तूप असो, बाजारात जायचं ते दाजीबांनीच. त्यामुळे दुसऱ्या कोणाला खरेदीतलं काही शिकायचं कारणच पडलं नव्हतं. आता दाजीबांचे गुडघे उठता-बसता कटकट वाजत. बायको गेल्यापासून ते गावजेवणाला पोत्यांनी तांदूळ आणत आणि स्वतःच्या चुलीवर मूठभर शिजवत. लेक वेणू नदीपलीकडच्या गावात होती. "बाबा, आता या," म्हणून सारखी निरोप धाडत होती. दाजीबांनाही जायचं होतं.

देवस्थानाचे प्रमुख भाऊसाहेब म्हणाले, "जा की. आधी कोणाला तरी शिकवा."

रिकामा असा सुभानाच होता. दाजीबांनी त्याला तांदळाला पाठवलं. त्याने नवाकोरा तांदूळ आणला. भाताची अशी खळ झाली, की पतंग चिकटवावेत.

"नवा घेऊ नये रे," दाजीबा म्हणाले. "नव्याची खळ होते. जुना घ्यावा. जितका जुना, तितका चांगला."

"कळलं, काका."

मग त्याला खिरीसाठी दुधाला पाठवलं. सुभाना घागर घेऊन आला, तेव्हा वाटेतल्या बायका नाकाला पदर लावत होत्या.

"हे काय रे?"

"सगळ्यात जुनं, काका! गवळी फेकून देत होता. मी हातापाया पडून मिळवलं."

दाजीबांनी कपाळावर हात मारला. "शहाण्या, दूध ताजं घ्यावं. आपल्या डोळ्यांदेखत काढलेलं. हातात आलं की तडक निघावं."

"कळलं, काका."

मग त्याला ताकासाठी माठ आणायला पाठवलं. सुभाना कुंभाराच्या चाकापाशी बसला. माठ चाकावरून उतरला, की तो लगेच पोटाशी धरायचा आणि गाडीत ठेवायचा. गावात पोचेपर्यंत माठांचे गोळे झाले होते आणि सुभाना गळ्यापर्यंत चिखलात होता.

"डोळ्यांदेखत काढलेले आहेत," तो म्हणाला. "कोमट पण आहेत."

"ते तुझ्या पोटाने!" दाजीबा ओरडले. मग दम घेऊन म्हणाले, "माठ भाजलेला घ्यावा. टिचकी मारून बघावी. टणटण वाजला तरच घ्यावा."

"कळलं, काका."

जत्रा जवळ आली. सुभानाला आचारी ठरवायला पाठवलं. संध्याकाळी तो एकटाच परतला. डोक्याला टेंगूळ होतं.

"आचारी कुठाय?"

"एकही वाजला नाही, काका. दोघं पळाले. तिसऱ्याने झाऱ्याने मलाच वाजवून बघितलं. मी वाजलो."

"अरे देवा! माणूस वाजवत नाहीत, सुभाना. माणसापुढे हात जोडावेत. मानाने गाडीत बसवून आणावं."

"कळलं, काका."

जत्रा कशीबशी पार पडली. मग मात्र दाजीबा थांबले नाहीत. भाऊसाहेबांनी त्यांना शाल पांघरवली, नारळ दिला, भाषणही केलं. दाजीबा नदीपलीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी कोठीत मीठ संपलं. ते कुठून येतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

भाऊसाहेब म्हणाले, "सुभाना, तुझ्याच्याने हे व्हायचं नाही. एक शेवटची खरेदी कर. दाजीबांच्या जागेवर बसेल असा माणूस बघून आण. दाजीबांनी शिकवलंय ते सगळं ध्यानात ठेव बरं."

सुभाना गाडी जुंपून निघाला.

वेणूच्या ओसरीवर दाजीबा गुडघ्यांना तेल लावून घेत होते. आत भाकरी थापली जात होती, एकट्यापुरती नव्हे, घरभरासाठी. अंगणात गाडी थांबली. सुभानाने उतरून हात जोडले.

"काका, मानाने गाडीत बसा."

दाजीबा चपापले. त्यांनी कमरेला हात लावला, तर कोठीची दुसरी किल्ली तिथेच! द्यायची राहून गेली होती.

"वेणू, भाकरी झाकून ठेव गं. किल्ली देऊन आलोच."

इकडे देवळापुढे गाव जमलं होतं. भाऊसाहेब हातात हार घेऊन उभे होते. गाडी थांबली. आतून दाजीबा उतरले.

"अरे, नवा माणूस कुठाय?"

"नवा कशाला, भाऊसाहेब? नव्याची खळ होते. हा सगळ्यात जुना आहे. डोळ्यांदेखत घरातून काढला आणि तडक निघालो."

दाजीबांनी एका हाताने गुडघा चोळत दुसऱ्याने किल्ली पुढे केली.

"आणि मी टिचकी नाही मारली हं," सुभाना म्हणाला. "माणूस वाजवायचा नसतो. पण हा उतरताना आपणहून वाजला. तुम्ही पण ऐकलंत ना?"

त्याने दाजीबांच्या हातातली किल्ली अलगद घेतली आणि उंच धरून सगळ्यांना दाखवली.

"आणि बघा, वर ही फुकट मिळाली!"