मुजावरचाचांचा बॉयलर

इचलकरंजीतला आमचा रंगाईचा कारखाना मोठ्या कंपनीत विलीन झाला. नवे साहेब पहिल्याच दिवशी कडाडले, "जुनी कंपनी संपली! आजपासून तुम्ही सगळे नवखे. सहा महिने पारखू, मग ठेवायचं की काढायचं ते बघू."

आमच्यातली बरीच माणसं तिथं वीस-वीस वर्षं राबलेली.

बॉयलर सांभाळणारे मुजावरचाचा उठले. "साहेब, मग बॉयलर विझवून येतो. त्याचा परवाना त्या संपलेल्या कंपनीच्याच नावावर आहे."

"खुळे आहात का?" साहेब दचकले. "जुन्या कंपनीचं जे जे होतं, ते सगळं जसंच्या तसं आमच्याकडे आलंय!"

चाचांनी कपाळावरचा घाम पुसला.

"मग त्यात आमची वीस वर्षंही आली की, साहेब."