बावीस शब्द आणि मोरीची फळी

एका लहानशा संस्थानात एक राजा होता. तो मनाने फार चांगला होता आणि प्रजेची खरी अडचण तीच होती. कोणी तक्रार घेऊन आले की राजाला वाईट वाटे, आणि वाईट वाटले की तो एक हुकूम काढी.

हे संस्थान विड्याच्या पानांसाठी नावाजलेले होते. गावाच्या वर तळे होते, तळ्याच्या खाली पानमळे. बांधात एक मोरी होती, तिच्या तोंडावर एक लाकडी फळी आणि फळीपाशी एक पाटकरी. ज्याची पाळी असेल त्याने बांधावर यायचे आणि म्हणायचे, "आज माझं पाणी." पाटकरी फळी उचली, पाणी पाटाने मळ्यात जाई. राजाच्या आजोबांच्या वेळेपासून हे असेच चालले होते.

एकदा दोघे मळेवाले एकाच सकाळी आले. दोघांचेही म्हणणे, पाळी माझी. भांडण राजापर्यंत गेले. राजाला वाईट वाटले. त्याने हुकूम काढला, "यापुढे ज्याची पाळी त्याला कचेरीतून चिठ्ठी मिळेल. चिठ्ठी दाखवा, पाणी घ्या."

महिन्याभरात कोणीतरी खोटी चिठ्ठी आणली. म्हणून चिठ्ठीवर शिक्का आला. पाटकऱ्याला वाचता येत नव्हते, म्हणून एक चिठ्ठीवाचक नेमला. तो खरे वाचतो की नाही हे कोण पाहणार? म्हणून त्याच्या शेजारी एक ऐकणारा बसवला. मग कोणीतरी एकच चिठ्ठी दोनदा वापरली. तेव्हा पाटकऱ्याला हुकूम झाला, की वापरलेली चिठ्ठी स्वतःजवळ ठेवावी आणि नवी हाती आल्याशिवाय सोडू नये. कचेरीला दुसरा हुकूम झाला, की जुनी चिठ्ठी जमा झाल्याशिवाय नवी देऊ नये.

एकेक हुकूम वेगळा वाचला तर त्यात चूक काढायला जागा नव्हती.

त्या उन्हाळ्यात सारजाबाईची पाळी आली. ती विधवा होती आणि अकरा ओळींचा पानमळा एकटीच्या जिवावर सांभाळत होती. ती कचेरीत गेली. कारकून नम्रपणे म्हणाला, "बाई, जुनी चिठ्ठी?"

"ती पाटकऱ्याकडे आहे."

"मग आणा की."

ती बांधावर गेली. पाटकरी म्हणाला, "सारजावहिनी, देतो की. नवी आणलीत ना?"

"नवी जुनीवर मिळते, आणि जुनी तू धरून बसलायस! अरे, तुझ्या पाठीशी तळं भरलंय, माझ्या पाठीशी मळा वाळतोय. मध्ये एक फळी. उचल की ती!"

"फळीचं ओझं नाही हो वहिनी. हुकमाचं आहे."

"मग तो हुकूमच घाल वेलींच्या बुडाशी. बघू जगतात का!"

पाटकरी खाली मान घालून बसला. त्यालाही घरी चार तोंडे होती.

सारजाबाई तडक दरबारात गेली. राजाने सगळे ऐकून घेतले. त्याचे डोळे पाणावले. त्या दिवसांत राजा इंग्रजी शिकत होता आणि त्यासाठी विलायतेहून आलेले तीन पंडित त्याने पदरी ठेवले होते. डोळे पुसून त्याने पंडितांना विचारले, "विनाकारण इतक्या गुंतलेल्या कारभाराला इंग्रजीत काय म्हणतात हो?"

पहिला म्हणाला, "कॉम्प्लिकेटेड, महाराज."

दुसरा हसला. "हा शब्द तर बाजारात भाजीवालेसुद्धा वापरतात. महाराजांच्या कारभाराला शोभेल असा हवा. कन्व्होल्यूटेड. म्हणजे शंखासारखा आतल्या आत वळत गेलेला."

तिसरा काहीच बोलला नाही. तो फार मोठा पंडित होता.

राजाला गोडी लागली. तो म्हणाला, "आठ दिवसांची मुदत देतो. जो अचूक शब्द आणील त्याला भर दरबारात मानाचा विडा. एकदा नाव ठरलं की उपाय करू."

सारजाबाई म्हणाली, "महाराज, आठ दिवस वेली तग धरायच्या नाहीत. वाळलेला मळा पुन्हा उभा करायला दीड वर्ष जातं."

"बाई, वैद्यसुद्धा आधी रोगाचं नाव सांगतो."

"सांगतो ना. पण तोवर रोग्याचं पाणी बंद करत नाही."

दरबार हसला. राजाही मनमोकळा हसला, कारण तो चांगला माणूस होता. मुदत मात्र आठ दिवसांचीच राहिली.

आठव्या दिवशी दरबार भरला. तोवर शब्दांची संख्या बावीसवर गेली होती. पहिल्या पंडिताने नऊ आणले होते, दुसऱ्याने बारा. मग तिसरा उठला. त्याने एकच शब्द आणला होता. "बिझंटाइन, महाराज! हे समुद्रापलीकडच्या एका जुन्या साम्राज्याचं नाव. तिथला कारभार म्हणे तिथल्यांनाही कळत नसे."

"वाहवा!" राजा म्हणाला. "म्हणजे अगदी आपल्यासारखाच!" टाळ्या कडाडल्या. राजाने हात पुढे केला. "विडा आणा."

चांदीचे तबक आले. तबकात चुना होता, कात होता, सुपारी होती, वेलदोडे होते.

"पान कुठे आहे?"

तबकवाला चाचरला. "गावात पान नाही, महाराज. कोणालाच पाणी मिळालं नाही. सगळे मळे वाळायला लागलेत."

राजाने तबकाकडे पाहिले, पंडिताकडे पाहिले आणि तो सिंहासनावरून उतरला. कोणाशी एक शब्द न बोलता तो चालत बांधावर गेला. मागोमाग अख्खा दरबार.

पाटकऱ्याने लवून मुजरा केला. हात जोडले. तरी त्याने विचारलेच, "महाराज, चिठ्ठी?"

प्रधान ओरडणार, तेवढ्यात राजाने त्याला हाताने थांबवले. आपलाच हुकूम पाटकऱ्याचे पागोटे घालून समोर उभा आहे, हे राजाने ओळखले.

"चिठ्ठी नाही," राजा म्हणाला. "तू बाजूला हो. तुझ्यावर बोल यायचा नाही."

त्याने अंगरख्याच्या बाह्या वर सारल्या, पायऱ्या उतरला आणि स्वतःच्या हाताने फळी उचलली. पाणी धो धो पाटात पडले. राजा फळीकडे बघतच राहिला.

"एवढी हलकी?"

"पहिल्यापासून एवढीच आहे, महाराज," पाटकरी म्हणाला.

तिसरा पंडित हळूच पुढे आला. "महाराज, तेविसावा शब्द सुचला."

"धरून ठेवा," राजा म्हणाला. "आणि ही फळीपण धरा. ओली आहे, सांभाळून."

पाण्याबरोबर राजा चालत चालत सारजाबाईच्या मळ्यात आला. अकरा ओळींपैकी चार ओळींत अजून धुगधुगी होती. सात गेल्या होत्या. राजाने पागोटे काढून हातात घेतले.

"बाई, माझं चुकलं. नुकसान दरबार भरून देईल. आणखी काय करू?"

सारजाबाईने पाटातला गाळ पायाने सारला, पाणी चौथ्या ओळीकडे वळवले आणि मगच वर पाहिले.

"जुने हुकूम मागे घ्या, नवे तेवढे काढू नका, महाराज. आणि दीड वर्ष नुसती सुपारी चघळा."

राजाने दीड वर्ष नुसती सुपारी चघळली. पंडितांनीही.

तात्पर्य, मुलांसाठी आणि कचेरीतल्या मोठ्यांसाठीही: गुंत्याला अचूक नाव दिल्याने गुंता सुटत नाही. तो चांगल्या मनाने घातलेला असला तरी ज्याने घातला त्यालाच खाली उतरून, स्वतःच्या हाताने सोडवावा लागतो, आणि तोही वेली हिरव्या आहेत तोवर.