पहिल्या पाटीची कहाणी

ऐका तळ्याच्या आई, तुमची कहाणी. आटपाट नगर एक, त्याला तळंही एकच. सगळं नगर तेच पाणी पिई. दर वर्षी अक्षय्यतृतीयेला तळ्यातला गाळ काढीत. पहिली पाटी राणीनं डोईवर घ्यायची, काठावर नेऊन ओतायची, मग नगरानं हात लावायचा. अशी तिथली चाल होती.

पुढं राजा दूर मुलखी गेला. कारभार नव्या राणीकडे आला. तिचं नाव केतकावती. बाई वाईट नव्हती, पण चिखलाची तिला शिसारी.

पहिल्या वर्षी तिनं दासीला धाडलं. ते पाहून लोकांनी घरचे गडी धाडले. दुसऱ्या वर्षी नुसती पाटी पाठवली. लोकांनीही पाट्या आणल्या, काठावर पालथ्या घातल्या, घरी गेले. तिसऱ्या वर्षी दवंडी पिटवली. लोक आले, शिपायांची पाठ वळेतो उभे राहिले, मग तेही गेले.

मग काय झालं? गाळ वर आला, पाणी खाली गेलं. एक दिवस तेही दिसेना. लोकांनी गाड्या जुंपल्या. नगर उठायला लागलं.

राणी पालखीतून वेशीवर आली. म्हणाली, "थांबा! माझा हुकूम आहे."

येसू कुंभारीण मडकी गाडीत रचत होती. ती म्हणाली, "राणीसाहेब, हुकूम पिऊन तहान भागत नाही हो."

लोक हसले. राणी पालखीतून उतरली. म्हणाली, "मग मी काय करू, येसूबाई?"

येसू म्हणाली, "वसा घ्या. उजाडता तळ्यात उतरावं. पहिली पाटी आपण उचलावी. कुणाला ये म्हणू नये. येईल त्याला पाणी द्यावं. सगळ्यांचं जेवण झालं, की आपण जेवावं. महिनाभर असं करावं. केल्याचं सांगू नये, मधेच सोडू नये."

पहिल्या दिवशी राणी एकटीच उतरली. भरली पाटी डोईवर जाईना. अर्धी ओतली, अर्धी नेली. काठावरून कुणी म्हणालं, "पाटी वाकडी धरलीय बघा!" दुसरी म्हणाली, "मुकुटाची सवय ना, बाई!" राणी खाली उतरली, पाटी पुन्हा भरली.

दुसऱ्या दिवशी येसू आली. म्हणाली, "अर्ध्या अर्ध्या पाट्यांनी तळं कधी साफ व्हायचं? भर पुरती. मी उचलू लागते." राणीनं आधी तिला परगावाहून वाड्यावर आणलेल्या घागरीतलं पाणी दिलं, मग पाटी भरली.

तिसऱ्या दिवशी गाडीवानांनी बैल सोडले. मग सुतार आले, साळी आले, हसणाऱ्या बायाही आल्या. राणीनं कुणाला मागचं विचारलं नाही. कुणाची पाठ दुखते, कुणाचं मूल तान्हं, ते मात्र विचारलं. त्यांना सावलीतलं काम दिलं. दुपारी सगळ्यांना वाढलं. पातेल्यात उरलं ते आपण खाल्लं. कधी उरलं, कधी नाही.

असा महिना भरत आला. शेवटच्या दिवशी येसूच्या कुदळीखाली गाळ हलला. जुना झरा बुजला होता, तो मोकळा झाला. पाणी घोट्याला लागलं, मग पोटऱ्यांना. लोक वर चढले. राणी सगळ्यांना हात देऊन मागून चढली.

त्याच दुपारी राजा परतला. वाडा रिकामा. तळ्यावर आला नि विचारलं, "राणी कुठं आहे?"

येसू म्हणाली, "त्या काय, बायांत आहेत. हुडका."

राजानं पाहिलं. सगळ्या चिखलानं माखलेल्या, सगळ्या सारख्या. ओळख पटेना. राजा दगडावर बसला. पंगत बसली, पंगत उठली. एक बाई वाढत राहिली, मग पातेलं पुसून शेवटची भाकर घेऊन बसली. राजा उठला, तिच्यासमोर जाऊन बसला. तिनं भाकरीचा अर्धा तुकडा त्याच्यापुढं केला.

तळ्याची आई केतकावतीला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. ज्याच्या माथी मान येईल, त्याच्या माथी आधी पाटी येवो. लांबची कहाणी जवळ आणून सांगितली, ऐकणाऱ्याच्या घरी ती सुफळ होवो.